दादाच्या मापाचे बूट

या घराण्यातली माणसं रागावली की बोलत नाहीत, आणि न बोलून थकली की काहीतरी अचाट करून बसतात. धाकटीने चालणं काढलं. दादा गेल्यापासून तिची झोप उडाली होती. अंथरुणात तळमळण्यापेक्षा रस्ता बरा, म्हणून ती पहाटे उठून चालायला लागली आणि एक दिवस शंभर किलोमीटर चालण्याच्या स्पर्धेत नाव घालून आली. "टपाल कचेरीत दिवसभर लोकांची पत्रं रवाना करतेस," आई म्हणाली, "आता स्वतःलाच रवाना कर."

त्या दिवशी तिच्या सरावाचा लांब पल्ला होता आणि दादाच्या वर्षाची प्रार्थनाही नेमकी त्याच दिवशी आली. प्रार्थना पलीकडच्या गावात होती. तिथे दादाने आपलं वेगळं दुकान थाटलं होतं, आणि तिथेच एका दुपारी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो कोसळला होता. अंतर बावीस किलोमीटर. अंधारात निघायचं आणि दहाच्या प्रार्थनेला पोचायचं, असं तिने ठरवलं. चांगले कपडे आईच्या बॅगेत गाडीने येणार होते.

त्या गाडीवरूनच घरात आठवडाभर अबोला होता. गाडी वायरमनची. दादाच्या दुकानात मीटर बसवायला आलेला हा कमी बोलणारा माणूस. दादा गेल्यावर वहिनीच्या अडीअडचणीला धावला, आणि आता दोघांना लग्न करायचं होतं. त्याची बदली दूरच्या शहरात झाली होती, महिनाअखेरीला निघायचं होतं. यात वाईट काय, असं कुणीही म्हणेल. पण या घराण्याचा एक जुना दंडक आहे. वर्षाच्या प्रार्थनेला घरच्या कर्त्याने उभं राहून गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, 'या घराचा शोक संपला.' तोवर घरात कुणाचं लग्न नाही. कर्ता बोलला नाही, तर सगळ्यांनी आणखी एक वर्ष थांबायचं. कर्ते म्हणजे बाबा. बाबांनी येतो म्हटलं नव्हतं आणि येत नाही असंही म्हटलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, "त्या गाडीत मी बसणार नाही."

म्हणून पहाटे धाकटी नाड्या बांधत असताना बाबा कोट घालून दारात उभे राहिले, तेव्हा तिला आधी कळेचना.

"मीही येतो," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"तू जातेस तिथे."

"बाबा, बावीस किलोमीटर आहे."

"अंतर मला सांगू नकोस. जन्म गेला बूट शिवण्यात. चालायचं कसं ते मला माहीत नाही?"

"शिवणं वेगळं, चालणं वेगळं."

"आता आचाऱ्याला जेवता येत नाही असंही म्हण."

आई आतून शाल गुंडाळत आली. तिने बाबांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण गिळलं. "पाणी घेतलंत ना?" एवढंच विचारून ती आत गेली.

धाकटीला मनातून आनंदच झाला होता. वहिनीला तिने फोनवर शब्द दिला होता, काही झालं तरी बाबांना आणते म्हणून. आता ते आपल्या पायांनी निघालेच होते. माणूस गाडीत बसत नाही म्हणतो, येत नाही म्हणत नाही, आणि मग लेकीच्या सरावाला सोबत म्हणून येतो. म्हणजे अब्रूही राहिली आणि कामही झालं. ती मनात म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, पण निदान चालायला लागला.

पहिला तास बाबा झपाझप चालले. दिव्यांचे खांब, बंद दुकानं, एका बेकरीच्या मागच्या दारातून येणारी गरम हवा. बाबा रस्त्यावरच्या प्रत्येकाचे बूट बघत होते. दूधवाल्याच्या टाचेचा आतला काठ झिजलाय म्हणाले, म्हणजे याला गुडघ्याचा त्रास होणार. कारखान्यातून सुटलेल्या दोन बाया हसत गेल्या, त्यांच्यातली एक उसन्या बुटात आहे म्हणाले.

"तुम्हाला माणसं वरून कधी दिसत नाहीत का?" धाकटीने विचारलं.

"वरून सगळे खोटं बोलतात."

उजाडल्यावर ते मंदावले. पुलाच्या कठड्याला टेकून नदी बघत उभे राहिले, आणि या माणसाने जन्मात कधी नदी बघितली नव्हती. पुढे एका बंद दुकानाची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मग नाडी सोडून पुन्हा बांधली. मग दुसरी. धाकटी घड्याळ बघे. पेट्रोल पंपापाशी ते म्हणाले, "जरा बसू," आणि बाकावर जे बसले ते उठायचं नावच घेईनात.

"बाबा, निघायला हवं. दुपारी सभागृह दुसऱ्या कुटुंबाला द्यायचंय."

"तू हो पुढे."

"आणि तुम्ही?"

"मी येतोच."

हे 'येतोच' धाकटीच्या ओळखीचं होतं. दादाच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनालाही ते 'येतोच' म्हणाले होते, आणि गेले नव्हते.

*

सभागृहात वहिनी खुर्च्या मांडत होती. आधी ओळीत मांडल्या, मग अर्धगोल, मग परत ओळीत. औषधाच्या दुकानात काम करणारी बाई. कुठली गोष्ट कुठे असावी याबद्दल तिला एरवी शंका नसे. आज हाताला काहीतरी काम हवं होतं. वायरमन बाहेर गाडीपाशी उभा होता. आई आणि आत्याला त्यानेच आणलं होतं, दारापर्यंत सोडलं होतं, आणि उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. अजून ठरलं नाही ना, म्हणाला.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पहिल्या ओळीत बसून दाराकडे बघत होती.

"दहा वाजून गेले," आत्या म्हणाली. "येत नाही तो. मी माझ्या भावाला काही आजची ओळखत नाही."

"येतील, वन्सं," आई म्हणाली.

"आणि नाही आला तर आभाळ कोसळत नाही. वर्षभर थांबायचं. लोक थांबतात."

वहिनी खुर्ची हातात धरून तशीच उभी राहिली. "आत्या, त्यांची बदली झालीय."

"बदली माझ्याही वेळी झाली होती." आत्या शांतपणे म्हणाली. "तेविसाव्या वर्षी मी मोकळ्या कपाळाने परत आले. दोन वर्षांनी एकजण विचारायला आला. चांगला होता. आमचे वडील प्रार्थनेला उभेच राहिले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. तो किती थांबणार? बदलीच्या गावी निघून गेला. मला कुणी वाट मोकळी करून दिली नाही. मी मेले का?"

आईला ही हकिकत चाळीस वर्षं माहीत होती, पण आत्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. लग्न होऊन आल्यापासून आत्या आणि ती एकमेकींना पाण्यात पाहत आल्या होत्या. आणि सुनेच्या लग्नाला दोघींनीही 'नको' म्हटल्यापासून गेले दोन महिने त्यांचं फार छान जमत होतं. आता आई उठली आणि वहिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हे आले नाहीत तर मी उभी राहते," आई म्हणाली. "मी म्हणते ते शब्द."

"तू?" आत्या म्हणाली. "तो जन्मभर तुझ्याशी बोलणार नाही."

"वर्षभर तसेही कुठे बोलतायत."

वहिनीने खुर्ची खाली ठेवली. "नको, आई. मला त्यांच्याच तोंडून हवं. आठ वर्षं मी त्या घरची सून आहे. त्यांनी म्हटल्याशिवाय गेले तर पळून गेल्यासारखी जाईन. मग मला त्यांच्या दारात परत येता येणार नाही."

"आणि त्यांनी म्हटलंच नाही तर?"

"तर ह्यांना सांगेन, तुम्ही जा." वहिनीने खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "मी कालच सांगितलंय तसं."

तेवढ्यात आईच्या फोनची रिंग वाजली. धाकटी होती. "आई, बाबा पेट्रोल पंपावर बसलेत. उठत नाहीत. पाय दाखवा म्हटलं तर दाखवतही नाहीत."

आईने डोळे मिटले. "त्यांनी तपकिरी बूट घातलेत. होय ना?"

"हो. नवीनच दिसतायत."

"ते दादाच्या मापाचे आहेत गं."

आणि मग आईने जे पहाटे गिळलं होतं ते सांगितलं. दर हिवाळ्याआधी बाबा घरातल्या प्रत्येकाला एक जोड शिवत. प्रत्येकाच्या पायाचा लाकडी फर्मा दुकानात भिंतीवर टांगलेला होता. एक काढायचा, त्यावर चामडं ताणायचं, शिवायचं, पुढचा काढायचा. यंदाही शिवले. आई, धाकटी, वहिनी, स्वतः. आणि हाताच्या सवयीने पाचवा फर्माही काढला गेला. तळ ठोकून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हातोडी तशीच हातात धरून ते बराच वेळ बसून होते. आईने दारातून पाहिलं आणि चहा न देताच परत फिरली.

"यांचा पाय दादापेक्षा मोठा," आई म्हणाली. "त्या बुटांत हे बावीस किलोमीटर चालूच शकत नाहीत. आणि यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं."

वहिनीने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर गेली आणि वायरमनकडून गाडीची किल्ली मागून घेतली. तो येतो म्हणाला, तर नको म्हणाली.

*

धाकटीने फोन खिशात ठेवला. तिला इतका राग आला होता की आवाज बारीक झाला.

"बाबा, तुम्ही पोचायला चालत होतात की चुकवायला?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पंपावर एक मोटारसायकलवाला टाकीचं झाकण उघडत होता, त्याच्याकडे बघत राहिले.

"माझं मला ठरवता येईना," ते म्हणाले. "म्हटलं, पायांवर सोडावं. पोचले तर पोचले. नाही पोचले तर मी नाही म्हटलं असं होत नाही."

"वा. म्हणजे वहिनीचा जन्म तुमच्या अंगठ्यावर."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही करत. मला रडू येतंय. तुम्ही एकटेच त्याचे आहात का? मी वर्षभर झोपले नाही, बाबा. आईने त्याचा शर्ट अजून धुतला नाही. आणि वहिनी रोज त्याच दुकानावरून कामाला जाते, जिथे तो पडला. तिला तुमच्याकडून एक वाक्य हवंय. तुम्ही ते तिला देत नाही आणि वर पायांच्या गळ्यात घालता."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मोटारसायकल निघून गेली.

"तुला एक सांगू?" ते म्हणाले. "माझ्याकडे तो लहानपणचा आहे. शाळेत जाणारा, पडणारा, खोटं बोलणारा. अठराव्या वर्षी माझ्याशी भांडला, दुकान वेगळं काढतो म्हणाला, तिथे माझा संपला. नंतर सणावारी यायचा, जेवायचा, जायचा. मोठा झालेला तो मला माहीतच नाही. तो सगळा तिच्याजवळ आहे. ती त्या माणसाबरोबर गेली की तोही जाईल. मग माझ्याकडे अर्धाच राहिला."

धाकटीचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. ती त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो धरू दिला.

वहिनी आली ती सरळ त्यांच्या पायांशी खाली बसली. नाड्या सोडल्या. उजवा बूट रडतकढत निघाला. मोजा रक्ताने भिजला होता. डावा हलेना. पाय आत सुजून बसला होता. तिने जरा ओढलं तर बाबांच्या तोंडून आवाज निघाला, आणि हा माणूस सुई बोटातून आरपार गेली तरी आवाज करत नसे.

"कापावा लागेल," वहिनी म्हणाली.

"कापायचा नाही."

"बाबा, रक्त थांबत नाहीये."

"शिवण उसव. टाचेकडून घे. चामड्याला हात लावू नकोस, शिवण परत घालता येते."

तिने गाडीतून वायरमनचा चाकू आणला आणि टाचेकडून टाके तोडायला लागली. टाका निघेना. बाबांचे टाके होते. एकेक दोनदा गाठ मारलेला. घाम तिच्या नाकावरून खाली येत होता. धाकटी घड्याळ बघायची थांबली होती.

"फार घट्ट शिवलाय," वहिनी म्हणाली.

"त्याला टाच सैल झालेली चालायची नाही."

"माहीत आहे. दोन मोजे घालायचा तो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही कधी. तुमचे बूट त्याला मोठे व्हायचे."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "मोठे?"

"विशीनंतर तो वाळला ना जरा. फर्मा तुमच्याकडे जुनाच होता."

"मला बोलला नाही कधी."

"बोलला असता तर तुम्ही नवा फर्मा केला असता आणि तीन महिने तोंड फुगवलं असतं. तो म्हणायचा, त्यापेक्षा मोजे स्वस्त."

बाबांच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. हसले की काय, असं धाकटीला वाटलं. पण डोळे वाहत होते. ज्या मापाला कवटाळून ते पहाटेपासून पाय फोडून घेत होते, ते माप त्याचं उरलंच नव्हतं. कुणीतरी वर्षानुवर्षं दोन मोजे घालून त्यांचं मन राखलं होतं.

"काप," ते म्हणाले.

"शिवण?"

"सरळ वरून काप. वेळ होतोय."

*

सभागृहात लोक उठायच्या बेतात होते. बाबा आत आले ते वायरमनच्या खांद्यावर हात टाकून, कारण दुसरा उपाय नव्हता. त्याच्याच गाडीतून आले होते. दोन्ही पाय धाकटीच्या गळपट्ट्याच्या दोन तुकड्यांत गुंडाळलेले. पंपापासून इथपर्यंत ते एक शब्द बोलले नव्हते. दारात वायरमन थांबला, तेव्हा मात्र बोलले. "चल की. मी काय एका पायावर उडी मारत जाऊ?"

आत्या हे सगळं बघत होती. तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि वायरमनला म्हणाली, "बस इथे."

बाबा उभे राहिले. धाकटी एका बाजूला, आई दुसऱ्या. त्यांनी दादाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, जे घरात कुणीच कधी वापरत नसे. घसा खाकरला. मग ते म्हणाले, "माझ्या सुनेचा शोक संपला. तिने जावं. सुखाने जावं."

पुढे म्हणाले, "माझा संपला नाही. संपला असं मला खोटं म्हणता येणार नाही."

लोक एकमेकांकडे बघू लागले. दंडकात असं नव्हतं. शोक घराचा असतो, आणि तो सगळ्यांचा मिळून संपतो किंवा संपत नाही. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं, कारण दंडक तिच्याइतके कुणालाच पाठ नव्हते.

"चालतं," आत्या म्हणाली. "आमच्या वडिलांनाही एवढं सुचायला हवं होतं." मग तिने रुमाल काढला आणि तो तोंडावरून बराच वेळ खाली घेतला नाही.

वहिनी पुढे आली आणि बाबांना धरून खुर्चीत बसवलं. वर्षभरात ती कुणासमोर रडली नव्हती. आता रडत होती आणि नाक पुसायलाही थांबत नव्हती.

"जायच्या आधी घरी ये," बाबा तिला हळूच म्हणाले. "चार दिवस राहा. तो मोठा झाल्यावर कसा होता, ते मला सांगून जा."

"काय सांगू, बाबा?"

"काहीही. माझ्याबद्दल कधी काही बोलायचा का?"

वहिनी जरा घुटमळली. "तुमची नक्कल करायचा."

"कसली?"

"गिऱ्हाईक बूट परत घेऊन आला की तुम्ही करता ना, तसं."

"करून दाखव."

"आता? इथे?"

"दाखव."

वहिनीने डोळे पुसले. मान जरा तिरकी केली, नसलेला चष्मा नाकावर खाली ओढला, हातात नसलेला बूट उलटा करून त्याच्या तळाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि दादाच्या लयीत, बाबांच्या आवाजात म्हणाली, "बूट ठीक आहे. पाय बदलून आणा."

कुणीतरी फस्सकन हसलं. आई होती. बाबा हसले नाहीत. ते खुर्चीच्या काठावर पुढे सरकले होते आणि वहिनीच्या तोंडाकडे, हातांकडे, त्या तिरक्या मानेकडे बघत होते.

"परत कर," ते म्हणाले.